कर्णधाराच्या बॅटची धुलाई

माझी मुलगी देशाच्या महिला संघाची कर्णधार आहे आणि तिची बॅट मी धुतली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण नाशकात लोक मला दुसरीवरून ओळखतात.

आम्ही मूळचे सायखेड्याचे. दसऱ्याला हत्यारं धुऊन पुजायची, ही घरातली रीत. नांगर धाकट्या भावाकडे गेला. माझ्या वाट्याला स्कूटर, पाना आणि मिक्सर. त्या दसऱ्याला मात्र लेक, मीनल, घरी होती (दुसऱ्या दिवशी नव्या मालिकेसाठी विमान). आधीची मालिका हरलेली. हीही हरली तर कर्णधारपद जाणार, हे ती सोडून सगळे बोलत होते. म्हटलं, यंदा पूजेत बॅट हवीच.

ती जुन्या सरांना भेटायला गेली, तेवढ्यात मी तिची लाडकी बॅट काढली. चेंडूच्या डागांनी नुसती माखलेली. अशी देवापुढे ठेवायची? बादलीत धुण्याची पावडर टाकून तासभर भिजवली.

"अहो, लाकूड भिजवतात का?" बायको म्हणाली.

"नांगर नाही का धूत आपण?"

नांगराला कव्हर ड्राइव्ह मारायचा नसतो, हे तेव्हा सुचलं नाही. बॅट फुगली. लवकर वाळावी म्हणून मी तिच्यावर इस्त्री फिरवली. (हो, इस्त्री.) वरपासून खालपर्यंत तडा गेला. त्यावर मी झेंडूचा हार घातला.

मीनलने येऊन हार बाजूला केला. "बाबा, काय झालं हिला?"

"पूजा."

"पहिलं शतक हिच्यावर काढलंय मी."

"आता स्वच्छ आहे," मी म्हणालो. (हे वाक्य मी आजही मागे घ्यायला तयार आहे.)

ती नवी बॅट घेऊन गेली. पहिल्या सामन्यात शून्य, हार. सायखेड्याहून भावाचा फोन: "दादा, बॅट लय पांढरी निघाली म्हणे." दुसरा सामना जिंकलो, पण तिच्या धावा चार. माझं जेवण सुटलं. तिसऱ्या, निकालाच्या सामन्याला मी बाथरूमची कडी लावून त्याच बादलीवर, ती उपडी घालून, बसलो.

"पन्नास झाले," बायको दाराबाहेरून सांगत होती. "ऐंशी." मी बादलीसकट दाराजवळ सरकलो.

"शतक. जिंकलो. आता बाहेर या, मला कपडे भिजवायचेत."

कर्णधारपद वाचलं. पुढच्या दसऱ्याला मीनल आली, बॅटी कपाटात घालून किल्ली कमरेला लावली आणि पूजेच्या पाटाकडे बोट दाखवलं. "बाबा, तुम्ही बसा. घरातलं सगळ्यात धोक्याचं हत्यार तुम्हीच."

मी पाटावर बसलो.

"थांब गं," बायको मीनलला म्हणाली, "आधी धुवायचं असतं." आणि बादली भरायला गेली.