व्याह्यांची इम्पोर्टेड गाडी

बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम लागलं. म्हणजे गाडी नुकतीच फिरून आली होती, आणि माझं अर्धं काम तिथंच अडलं. जुनी गाडी बघायची तर इंजिन गार हवं. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, उठताना धूर कोणत्या रंगाचा सोडतं, यावरून त्याची तब्येत कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबायचं नाव घेत नसेल तर इंजिनात पाणी झिरपतंय. तापलेलं इंजिन यातले बरेच आजार लपवतं.

"पावणं येणार म्हणून धुतली आन् एक चक्कर मारून आनली," आण्णा हौसेनं म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर मी सरळ सांगितलं असतं, गाडी दोन तास उभी करा, मग बघतो. पण इथं तशी सोय नव्हती. कारण मी गाडी बघायला आलोच नव्हतो. मी पाहुणा म्हणून जेवायला आलो होतो.

त्याचं असं झालं. तेव्हा मंचरला माझं गॅरेज होतं. बोरी बुद्रुकचे बाळासाहेब माझे जुने गिऱ्हाईक. त्यांची लेक वैशाली पेठेला आण्णांच्या घरी दिलेली. आण्णांकडे जपानवरून आलेली एक सेडान होती. मुंबईच्या एका दलालाकडून घेतलेली, ऑटोमॅटिक गिअरची, आत शिरलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटायचं. अशी गाडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. आता आण्णांच्या मुलाला जीप हवी होती, म्हणून सेडान काढायची ठरली. "भाईर कशाला देऊ? इवाई, तुमीच न्या," आण्णा म्हणाले, आणि बाळासाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. वैशालीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ह्याच गाडीतून लेकीला बोरीला आणायची, असंही ठरून गेलं.

बाळासाहेब मला घ्यायला गॅरेजवर आले तेव्हा जरा चोरट्यासारखेच बोलत होते. "रफिकभाई, इवायाच्या गाडीला मेकॅनिक लावला तर आमची पोरगी त्या घरात तोंड कसं दाखवंल? तुमी आपले दोस्त म्हणून चला. बघितल्यासारखं करू नका. पण बघा."

अशी ऑर्डर मला त्याआधी कुणी दिली नव्हती, नंतरही नाही. मी खिशात एक लोहचुंबक टाकला, त्याला फडकं गुंडाळलं आणि निघालो. अपघातात चेपलेला पत्रा सरळ करताना वरून पुट्टी, म्हणजे खळगे बुजवायचा लगदा, भरतात. तिच्यावर रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही. पण जिथं पुट्टी जाड, तिथं चुंबक चिकटत नाही. पॉलिश कितीही मारा, चुंबकाला भुरळ पडत नाही.

अंगणात आण्णा गाडीचं कौतुक सांगत होते आणि मी मान डोलवत गाडीभोवती फिरत होतो. पुढच्या दारांवर चुंबक चिकटला. मागच्या दाराखाली चिकटला नाही. मग काचांकडे पाहिलं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची बारीक खूण असते, काच कधी बनली तेही त्यात असतं. पुढची काच आणि मागची काच एका वर्षाच्या नव्हत्या. एखादी काच फुटून बदललेली असू शकते, त्यावरून काही ठरवता येत नाही. पण मनात पाल चुकचुकली. डिकी उघडा म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? पाहुणा कधी डिकी उघडा म्हणतो का?

तेवढ्यात जेवायला बोलावलं. आण्णांच्या मंडळींनी, म्हणजे सुमनकाकूंनी, हात धुवायला तांब्या पुढं केला. पाणी ओतता ओतता त्यांची नजर माझ्या नखांवर गेली. गॅरेजवाल्याची नखं कितीही घासली तरी काळीच राहतात.

मासवड्या, भाकरी, रस्सा. आण्णा आग्रह करकरून वाढायला लावत होते. बाळासाहेब घाम पुसत जेवत होते, आणि तो घाम रश्श्याचा नव्हता. काकूंनी भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि सरळ विचारलं,

"भाऊ, तुमी गाडीचं मिस्त्री ना?"

माझा घास हातातच राहिला. बाळासाहेबांनी ताटात डोकं घातलं. आण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री आनला व्हय, पावणं? आमच्या गाडीला?"

"आनला तर काय बिघडलं?" काकू म्हणाल्या. "बेल्ह्याच्या बाजारात सख्ख्या भावाकडनं बैल घ्यायचा झाला तरी तुमी दात बघता. ही काय धर्माची गाय हाय, दात न बघाया? बघू द्या की त्यास्नी नीट. आन् भाऊ, ते मागचं बी बघा. पावसाळ्यात डिकीत पाणी येतं. माझी गुळाची ढेप भिजली."

"ते रबर गेलं आसंल," आण्णा पुटपुटले.

स्वयंपाकघराच्या दारात वैशाली उभी होती. सासूनं तोंड उघडल्यावर तिलाही धीर आला. "मागच्या शीटवर बसलं ना, तर गतिरोधकावर खालनं कचकच वाजतं," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे बघून घाईनं, "लई न्हाई, थोडंच."

मी तिला विचारलं, "कुठल्या बाजूनं?"

"माझ्या बाजूनं. उजवीकडनं."

जेवण झालं तोवर इंजिनही गार झालं होतं. ते पहिल्या सेल्फला उठलं. धूर नाही. ऑइलचं झाकण काढलं, आत पांढरट साय नव्हती. पाणी मिसळलं असतं तर ती दिसते. गिअरचं ऑइल लाल होतं, जळका वास नव्हता. आण्णांचा चेहरा खुलत चालला. सांगायलाच हवं, इंजिन खरंच झकास होतं.

मग डिकीतलं कार्पेट उचललं.

गाडी कारखान्यात बनते तेव्हा पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडतात. गोल ठिपक्यांची सरळ ओळ दिसते. इथं ठिपके नव्हते. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत हातानं मारलेली वेल्डिंगची सलग शिवण होती, वर काळा रंग फासलेला. मी जॅक लावून खाली शिरलो. तीच शिवण खालीही. दोन अपघातांतल्या दोन गाड्या. एकीचा पुढचा भाग शाबूत, दुसरीचा मागचा. दलालानं दोन्ही कापून एक गाडी केली होती. आणि उजव्या बाजूला शिवण उलली होती. आतून गंज डोकावत होता. पाणी तिथूनच येत होतं, कचकचही तिथूनच.

मी बाहेर आलो आणि बाळासाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते कट्ट्यावर बसले.

"रफिकभाई, एक करू. रंग आवडला न्हाई म्हनून सांगू. त्यांचा मान ऱ्हाईल, आपली बी सुटका व्हईल."

बाहेरून बघता तोडगा बरा होता. नाती अशीच टिकवतात लोक. पण मी विचारलं, "आन् मग ही गाडी कोण चालवणार?"

उत्तरही मीच दिलं.

"आण्णाच चालवणार. आन् तुमची वैशाली मागं उजवीकडंच बसणार. घाट उतरताना ती शिवण पुरती सुटली तर रंगाचं काय करायचं?"

बाळासाहेब उठले. चालत गेले ते थेट आण्णांपुढं जाऊन थांबले. हात जोडले आणि म्हणाले, "इवाई, रागवा, पर एकदा गाडीखाली बघा."

मला वाटलं, आता आपल्याला शिव्या. वाईट बातमी आणणाऱ्याला आमच्या धंद्यात सहसा तेच मिळतं. आण्णांनी एक पोतं आणून गाडीशेजारी अंथरलं. पांढरंशुभ्र धोतर घातलेला तो माणूस पोत्यावर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. मी टॉर्च धरला. त्यांनी त्या फटीत नख घातलं. नख आत गेलं.

बाहेर येऊन त्यांनी धोतरावरची माती झटकली. "ह्याच गाडीत म्या पोरीला तपासणीला न्हेतो," ते म्हणाले. "दर महिन्याला." मग बाळासाहेबांचे हात धरून म्हणाले, "पावणं, तुमी मिस्त्री आनला नसता तर?"

सुमनकाकूंनी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुसऱ्याच आठवड्यात एक जण ती गाडी आहे तशी घ्यायला तयार झाला. आण्णांनी दिली नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स काढून घेतला, बाकीची माझ्या गॅरेजमागं स्वतः उभं राहून गॅसकटरनं कापून घेतली. वैशाली बोरीला गेली ती बाळासाहेबांच्या खडखडणाऱ्या जुन्या जीपमधून, मांडीखाली दोन उशा घेऊन. जीप मी चालवत होतो. तिला मुलगा झाला. बारशाला मला बोलावणं होतं, आणि पंगतीत मला आण्णांच्या शेजारी बसवलं होतं.

त्या घराचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मानतो, ते मात्र उलटं समजतात. माझ्या चुंबकानं आणि काचांनी नुसता संशय दाखवला होता. काकू त्या दिवशी गप्प बसल्या असत्या, तर मी मासवड्या खाऊन, इंजिन बरं आहे सांगून घरी आलो असतो. त्या बाईंना आजही मनापासून हात जोडतो.

जुनी गाडी घेताना मालकाला काही विचारू नका. त्याला गाडी नेहमीच चांगली दिसते. डिकीत सामान कोण भरतं आणि मागच्या सीटवर कोण बसतं, त्यांना विचारा. बहुतेक घरांत त्यांना कुणी विचारलेलं नसतं.