शेवटच्या पानावरचा चिमटा

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलेलं. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्या कुंदाबाईंना हे आता वाचता येणार नाही. तेव्हा चुकांची माफी या वहीचीच मागते.

बाई आलापल्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची. दुपारी भांडी आवरली की त्या मला टीव्हीसमोर बसवत. विलायतेची मालिका असायची. टुमदार गाव, चहा, केक आणि दर भागाला एक खून. बाई आधी पोटभर हसत, मग मला समजावत. त्यामुळे माझं हसू पुढच्या प्रसंगात यायचं, आणि तिथे नेमकं कोणीतरी मरून पडलेलं असायचं.

"पाहून राह्यली का शेवंता? खून करते, अन् वरून सॉरी म्हणते! आपल्या इथी पोलीस यायच्या आधी सारं गाव पाहून गेलं असतं. वाघाच्या पंजाचा ठसा मोडू नये म्हणून लोक त्यावर टोपली झाकून ठेवतात, माणसाच्या पावलाले कोण विचारते?"

मालिका नसली की इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या छोट्या रहस्यकथा. बाई वाचत, पण शेवटच्या पानाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवत. दोघींनी गुन्हेगाराचं नाव सांगितल्यावरच चिमटा निघे. चुकेल तिनं दुसरीला एक रुपया. मी चारचौघांत तोंड न उघडणारी. सुरुवातीला नुसती पदराशी खेळत बसे.

"तोंडात पाणी धरलं का?" बाई विचारत.

एकदा हळूच म्हटलं, "माळीण. दिवसभर बागेत होती म्हणते, अन् पायाले चिखल नाई." निघाली माळीणच! धानाची रोवणी करण्यात जन्म गेला; चिखल मला कोण शिकवणार?

बाईंचा संशय मात्र कायम डॉक्टरवर. हरल्यावरही "मले पहिल्यापासूनच वाटत होतं" म्हणत आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खडूनं माझ्या रुपयाची एक रेघ ओढत. मी चुकले तर एक रेघ पुसत. "पेन्शनवाली बाई हाओ मी, बुडवणार नाई तुले."

मग बाईंचे डोळे गेले. मुलगा त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आला. जायच्या आदल्या दुपारी त्या म्हणाल्या, "आज तू वाच."

अक्षराला अक्षर लावत वाचलं. कथेत विष देऊन मारलेला एक श्रीमंत म्हातारा, त्याचा पुतण्या आणि एक लंगडा डॉक्टर.

"डॉक्टर," बाई लगेच म्हणाल्या.

"पुतण्या," मी म्हटलं.

चिमटा काढला. पुतण्याच होता. पण बाई इतक्या आशेनं कान देऊन बसल्या होत्या, की मला राहवलं नाही. उद्यापासून हे दार बंद. जाताना तरी त्या जिंकाव्यात, म्हणून पुतण्याच्या जागी मी डॉक्टर वाचत गेले. डॉक्टरनं विष कालवलं. डॉक्टर खिडकीतून उडी मारून शेतातून धावत सुटला.

"जिंकल्या बाई तुमी."

बाईंनी पैशांची पिशवी मागितली आणि दारामागच्या रेघा मला मोजायला लावल्या. एक्केचाळीस. चाचपत एकेक नाणं त्यांनी माझ्या ओंजळीत टाकलं. एक्केचाळिसाव्यानंतर आणखी एक पडलं.

"हा कशाचा, बाई?"

"आजचा. लंगडा डॉक्टर खिडकीतून उडी मारून पळते का, पोरी?"

त्या हसल्या. या वेळी मीही त्यांच्याबरोबरच हसले. मग फडकं ओलं केलं आणि दारामागच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या.