पाय दुखतो, फोटो हाताचा

तेल्हाऱ्याच्या जयवंताबाईचं मांडीचं हाड मोडलं ते कापूस वेचताना. ती पडली नव्हती. ओटीतला कापूस सावरत नुसती उठली होती. १९६३ सालची ही गोष्ट, तेव्हा ती छत्तीस वर्षांची. त्याआधी वर्षभर अंग ठणकत होतं, जबड्यावर गाठ आली होती, आणि सासू जमुनाबाई म्हणायची की सुनेले कामाचा कंटाळा आला.

नवरा श्रावण तिला अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन आला. एक्स-रेत मोडल्या जागी हाड पोखरलेलं दिसलं, जबड्यातही तसंच. मोठ्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. पाय कापावा लागेल म्हणाले. श्रावण मान खाली घालून कबूल झाला. जयवंता मात्र म्हणाली, "हा पाय कापसान, पन दुसराबी दुखते. बरगड्याबी दुखतेत. त्याईचं काय करान?"

शेजारी नव्याने आलेल्या डॉक्टर सुभद्रा बोंडे उभ्या होत्या. तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी त्या परत आल्या, खाटेवर टेकल्या आणि विचारत बसल्या. तहान फार लागते का? लागायची. कधी मुतखडा झाला होता? दोनदा पडला होता; आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी हाताचा एक्स-रे काढायला सांगितला.

"हात तं बरा हाये, त्याचा फोटो कायले?" जयवंताने विचारलं.

फोटोत बोटांच्या हाडांच्या कडा कसर लागल्यासारख्या कुरतडलेल्या होत्या; म्हणजे न दुखणारी हाडंही झिजत होती. रक्त नागपूरला पाठवलं. आठवड्याने उत्तर आलं, कॅल्शियम फार वाढलेलं होतं. सुभद्राबाईंनी नवरा-बायकोला समजावलं की गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, त्यातली एक माजली आहे आणि हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, रक्तात ओढते आहे; तहान आणि मुतखडे त्यामुळेच. हा कॅन्सर नाही.

"म्हंजे माहा पाय राह्यते?"

"राहतो."

इतक्या दिवसांत जयवंता पहिल्यांदा रडली.

नागपूरला ऑपरेशन झालं. बोराएवढी ग्रंथी निघाली. तिसऱ्या दिवशी हातापायांना मुंग्या येऊन बोटं वाकडी झाली तेव्हा श्रावण घाबरला. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेताहेत, असं सांगून डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. पुढे कित्येक महिने पाय प्लास्टरमध्ये होता. वर्षाने पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा पोकळ्या भरत आल्या होत्या, जबड्याची गाठही ओसरली होती.

पाय दोन बोटं आखूड राहिला. विहिरीचं पाणी आता जमुनाबाईच आणू लागली. वेचणीला जयवंता परत गेली नाही. तेल्हाऱ्याच्या बाजारात तिने भाजीचं दुकान मांडलं आणि लंगडत का होईना, दर बाजाराला स्वतःच्या पायांनी जात राहिली.