चांगली माती

आमच्या घरात एकही खिळा नाही. हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांना ऐकवलंय की मी तोंड उघडायच्या आत बायकोच म्हणते, "आणि एकही भिंत सरळ नाही." दोन्ही खरं आहे. सागवानी खांब, खांबांच्या डोक्यावर कोरलेली कमळं, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि हे सगळं खाचा पाडून, लाकडी खुंट्या ठोकून एकमेकांत बसवलेलं. भिंती दोन हात जाड. मे महिन्यात सगळं सोलापूर भाजून निघत असतं तेव्हा आम्ही मधल्या खोलीत दुपारी चादर ओढून झोपतो. मात्र कपाट कुठंही ठेवा, ते एका बाजूला कलतं.

घर वाडवडिलांचं वगैरे नाही. नोकरीला लागलो तेव्हा शाळेजवळ म्हणून भाड्यानं घेतलं. पुढं मालक पुण्याला गेले आणि जाताना आम्हालाच विकून गेले. निघताना दारात उभं राहून "सांभाळ हो," म्हणाले. ते मला म्हणाले असं माझं मत. बायको म्हणते, ते घराला म्हणाले.

छप्पर मातीचं, म्हणजे माळवद. फळ्यांवर निंबाचा पाला, त्यावर चिखल, त्यावर मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती पसरून चोपायची, की झालं. हे काम एक म्हातारे मिस्त्री करत आणि मी घमेली उचलून मदत करी. यंदा मिस्त्री लेकीकडं गावाला गेलेले, फोन लागेना. त्यात बायकोनं जाहीर करून टाकलं, "या पावसाळ्यात एक थेंब जरी खाली पडला तर विजापूर रोडचा फ्लॅट. लेकीनं बघून ठेवलाय. लिफ्ट आहे."

लिफ्ट! अहो, या घरात चढायला आहे काय, तर एक शिडी. मला असा संताप आला की म्हटलं, मिस्त्री नाही तर नाही, मी करतो. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलाय. मृदेचे प्रकार झोपेतून उठवून विचारा. ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला आणि बजावलं, "एक ट्रॉली माती टाक. चांगली पाहिजे हं. एकदम चांगली."

बिचाऱ्यानं शब्द पाळला. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेतली, शेणखत घातलेली, काळीभोर, हातात घेतली तर खावीशी वाटावी अशी माती आणून टाकली. दोन मजुरांनी ती वर चढवली, मी स्वतः पसरली, स्वतः चोपली. बायको खाली उभी राहून बघत होती. कधी नव्हे ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, कौतुकानं गप्प आहे.

दोन चांगले पाऊस झाले आणि माळवद हिरवंगार झालं. आधी गवत, मग ज्वारी, मग कडेनं कलिंगडाचा वेल उतरून खिडकीत डोकावायला लागला. गल्लीतल्या लोकांना तर आयतं निमित्तच मिळालं. "गुरुजी, पीकविमा काढला का?" "गुरुजी, खुरपणीला बाया पाहिजेत का?" समोरच्यांची शेळी रोज मान वर करून आमच्या छपराकडं बघत उभी राहायला लागली.

हसण्यावारी नेलं असतं, पण मधल्या खोलीत तुळईशेजारच्या फळीवर ओल दिसली. भाकरीएवढा डाग. थेंब अजून पडलेला नव्हता. बायकोनं त्या डागाखाली पातेलं ठेवलं, शेजारी खुर्ची टाकली आणि शेंगा सोलत बसली. मी येता-जाता पातेल्यात डोकावायचो. माझं घर आता त्या एका थेंबावर लटकलं होतं आणि माझी झोप उडाली होती.

तेवढ्यात मिस्त्री गावाहून परत आल्याचं कळलं. रिक्षात घालूनच घेऊन आलो. ते वर चढले, मूठभर माती उचलून हुंगली आणि मटकन खालीच बसले.

"गुरुजी, ह्ये काय केलासा?"

"चांगली माती टाकली की."

"आवो, चांगली शेताला! माळवदाला नापीक लागती. पडक्या गढीची पांढरी, खारी माती. जिच्यात काय बी उगवत न्हाय, ती हितं चांगली. ही काळी पानी पिऊन बसलीया, वजन किती झालं आसंल!"

तीस वर्षांचा भूगोल तिथल्या तिथं मातीत गेला. मी मान खाली घालून शिडी उतरलो.

मग मिस्त्री खाली येऊन तुळई तपासायला लागले, आणि बायकोनं कानडी सुरू केलं. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, मिस्त्रीही त्याच बाजूचे. आता एक गोष्ट कबूल करतो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तिचं कानडी मला सगळं समजतं. बोलता मात्र येत नाही, आणि समजतं हे मी कधी कळू दिलेलं नाही. ती माझ्यासमोर माहेरी फोनवर मोकळेपणानं बोलते आणि मी पेपर वाचल्याचं सोंग करतो. संसारात एवढी सोय कुणाला मिळते?

ती म्हणाली, "अज्जा, लाकूड कुजलंय असं सांगा त्यांना. घर राहण्यासारखं नाही म्हणा."

म्हणजे ही शेतकऱ्याची लेक काळी माती चढताना गप्प उभी होती ती उगाच नाही!

मिस्त्रींनी काठीनं तुळई ठोकली. टण्ण आवाज आला. पुन्हा ठोकली, कान लावला, अंगठ्यानं सांधा दाबून बघितला. मग कानडीतच म्हणाले, "अक्का, जीभ खोटं बोलेल. पण हे लाकूड वाजतंय बघा. वाजणाऱ्या लाकडाला मी कुजकं म्हटलं तर उद्यापासून माझा हात चालायचा नाही."

बायकोनं डागाखालचं पातेलं उगाच सरकवलं. मग हळूच म्हणाली, "मला घराचा राग नाही हो अज्जा. दिवाळीत यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलीय. तरी घमेलं घेऊन शिडी चढतात. मी खाली उभी राहते आणि ते उतरेपर्यंत श्वास घेत नाही. घर राहील, माणूस जाईल."

मला भडभडून आलं. इतके दिवस मी हिला घराची वैरीण समजत होतो! आता मराठीत काही बोललो तर उपयोग नाही असं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कानडीत तोंड उघडलं. म्हणायचं होतं, यापुढं मी चढणार नाही. 'ना' म्हणजे मी, 'नी' म्हणजे तू, एवढं पाठ होतं. पण ऐनवेळी गडबडलो, 'नाही'चं शेपूट घशातच राहिलं, आणि मी छातीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणालो, "इन्मेले नी हत्तु."

मिस्त्री इतके हसले की टोपी पडली. "गुरुजी, तुमी अक्कालाच चढ म्हनलासा की!"

बायको हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. "म्हणजे तुम्हाला कळतं?"

"थोडं थोडं."

"आईशी बोललेलं?"

"अगं..."

"तुमच्या बहिणीबद्दल बोललेलं?"

मी खांबावरचं कमळ बघायला लागलो. "सगळं," म्हणालो.

तिनं पदर खोचला, घमेलं उचललं आणि शिडीवर पाय ठेवला. "ही काळी माती मीच उतरवते. तुम्ही शिडी धरायची. एक पाय जरी वर टाकलात तर फ्लॅट."

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. मिस्त्री तिच्या मागोमाग वर गेले. ती वर त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. मी मान उंचावून, कान टवकारून ऐकलं, पण एक अक्षर कळलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच ती कानडी कुजबुजत बोलत होती.