दोन्हीकडून चालू

आईनं नातवंडांसाठी फोनमध्ये गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. ती गेल्यावर मी त्या रहिमतपूरच्या घरी, वडिलांच्या संगणकात उतरवल्या. सांगलीच्या मावशीलाही त्या हव्या होत्या, म्हणून दोघांकडे एक ॲप बसवलं. मधे कुणाचा हात नाही, या घरातलं फोल्डर थेट त्या घरात.

सेटिंगमध्ये दोन पर्याय होते, 'फक्त पाठवा' आणि 'पाठवा व घ्या'. दुसऱ्यात तिकडे पुसलेलं इकडेही पुसलं जातं, हे मी शहाणपणानं सांगून बसले. पुसलेलं परत मिळवायची सोय असते हेही सांगितलं, पण ऐकतंय कोण! वडील फौजेतले, एकदा ठरलं की हलायचं नाही.

"मावशीच्या हातनं पुसलं तर तुझ्या आईचा आवाज कुठनं आणायचा?" ते म्हणाले. मी 'फक्त पाठवा' ठेवलं.

तशी मावशी रोज दुपारी त्यांना फोन करायची, जेवलासा का म्हणून. हिला दुसरं काम नाही का, असं पुटपुटत ते फोन घ्यायचे आणि ताट वाढून घ्यायचे.

काही दिवसांनी तिनं मला विचारलं, मी पण फोल्डरमध्ये ठेवलंय, दाजींना मिळालं का? मी कपाळावर हात मारला. या बहिणींत डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. इकडून भाजणी गेली की तिकडून बेदाणे यायचे. आणि आम्ही तिला फक्त घ्यायला बसवलं होतं.

वडिलांना हे सांगितलं.

"कर चालू दोन्हीकडनं," म्हणाले.

आले ते आईचेच निरोप, तिनं मावशीला बोलून पाठवलेले. मावशीनं न निवडता सगळेच टाकले होते. लोणचं, गुडघे, आमच्या तक्रारी. वडील ऐकत होते, हसत होते. मग दवाखान्यातला एक लागला. आईला धाप लागत होती.

"ह्यांस्नी एकट्यानं जेवायची सवय न्हाई. माज्यामागं दुपारचा एक फोन करत जा. मी सांगितलंय म्हनू नगंस, न्हाईतर उचलायचे न्हाईत."

मी वडिलांकडे बघितलं नाही, बघवलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट वाढायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगलीला फोन लावला.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.