शेवटच्या प्रकरणासाठी पाहिलेलं लग्न

१९९४ सालच्या मे महिन्यात, काटेवाडीजवळच्या एका शेतात घातलेल्या मांडवात, नवरी स्टेजवर बेशुद्ध होऊन पडली. मुहूर्त टळून गेला होता. माइकवर आशीर्वादाची भाषणं चालू होती.

नवरी माझी मावसबहीण. मी तिथे पाहुणी होतेच, पण आणखी दोन कामं बरोबर होती. बारामतीच्या एका साप्ताहिकात मी बातम्या लिहीत असे. लग्नाला कोणकोण पुढारी आले ते टिपून घ्यायचं होतं. दुसरं काम माझं स्वतःचं. मी प्रेमकथा लिहायचे. हातातल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लग्नाचं होतं आणि ते जमत नव्हतं.

लिहिण्याचं काम सकाळी, ऑफिसला जाण्याआधी होई. कालव्याजवळ भाड्याची खोली होती. वारा साखर कारखान्याकडून आला की खोलीत मळीचा वास भरायचा. आंबलेल्या उसाचा, नासलेल्या भाताचा, आणि त्याच्या खाली आणखी कशाचा तरी. तो केसांत बसतो, धुतल्या कपड्यांत बसतो, चहातही उतरतो. त्या वासात बसून मी मोगरा लिहायचे. पुण्याच्या प्रकाशकाला मोगरा लागायचा.

त्याची पुस्तकं भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत जात. वर्षभरात ती हाताळून फडक्यासारखी मऊ पडत. पानांवर तेलाचे डाग, हळदीची बोटं, एखाद्या चुंबनाच्या ओळीवर वाळून चिकटलेलं भाताचं शीत. माझं स्वतःचं पुस्तक वाचनालयात हातात घेताना मी ते कडेनं धरत असे.

प्रकाशकाचे नियम ठरलेले होते. नायक उंच हवा, त्याच्याकडे मोटार हवी. नायिकेला आई नसलेली बरी, पानं वाचतात. नातेवाईक कमीत कमी. गोठा नको, कारखाना नको, एसटी तर नकोच. "बाईमाणूस दिवसभर शेण काढतं, संध्याकाळी पुस्तकात परत शेण कशाला?" असं तो फोनवर म्हणायचा. मी एसटीडी बूथमधून बोलत असे. रिसीव्हर आधीच्या माणसाच्या घामानं ओला असायचा, म्हणून तो कानापासून जरा लांब धरायची सवय लागली होती. त्यामुळे प्रकाशकाचं निम्मंच ऐकू येई. तेवढं पुरत असे.

नायक मी तुकड्यातुकड्यांनी जमवले. मनगटं दूध संकलन केंद्रात कॅन उचलणाऱ्या एका माणसाची. आवाज इंदापूर स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या कंट्रोलरचा. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तंबाखूची पिंक खिडकीतून टाकत होता आणि ती निम्मी खिडकीलाच लागली. म्हणून त्याचा फक्त आवाज घेतला.

वागणं मात्र अख्खं एकाच माणसाचं घेतलं होतं. तो म्हणजे या लग्नातला नवरा.

मावसबहीण इंदापूरहून रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला येत असे. तो काटेवाडीचा, तिच्याच वर्गातला. संध्याकाळी इंदापूरची गाडी फलाटाला लागायच्या आधीच तो गाडीच्या बाजूनं पळायचा आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा. जागा तिच्यासाठी. स्वतः त्या गाडीत तो कधी बसला नाही. दुसऱ्या दिवशी ती रुमाल धुऊन, घडी करून परत द्यायची. कॉलेज संपेपर्यंत हे चाललं. मी ते कादंबरीत घातलं तेव्हा प्रकाशक म्हणाला, "मोटारीत रुमाल कसा टाकणार? महाबळेश्वर करा, गळ्यातला स्कार्फ उडू द्या." मी स्कार्फ उडवला.

दोघांनी लग्नही मोठ्यांना कळू न देता मोठ्यांकडूनच ठरवून घेतलं. स्थळ सुचवलं त्याच्या आत्यानं. आत्याच्या डोक्यात ते घातलं त्यानं. दोन्ही घरं एकाच समाजाची. दोन पिढ्यांपूर्वी दोन्हीकडे मेंढरं होती. आता त्यांच्याकडे पाण्याखालचा ऊस आणि दुधाचा धंदा, आमच्याकडे पाटबंधारे खात्यातली नोकरी. त्याच्या घरात त्याच्या थोरल्या चुलत्यांचा, आबांचा, शब्द चालायचा. आबांना शेवटपर्यंत वाटत होतं, सोयरीक आपणच जुळवली.

बहीण माझी पहिली वाचक होती. प्रकरण लिहून झालं की मी तिच्याकडे देई, ती ते इंदापूरच्या गाडीत वाचे. "ताई, ही सारखी रडती कशाला? हिला दुसरं काम न्हाय का?" किंवा, "तीन दिवस झाले, तुझा नायक जेवलाच नाही." तिला स्वतःला काय हवं होतं ते सरळ होतं. तिला हाच माणूस हवा होता. त्याच्यासाठी तिनं आलेली दोन चांगली स्थळं बापाशी भांडून परत पाठवली होती.

आमच्या भागात तेव्हा लग्नाला पुढारी येत आणि अक्षता पडण्याआधी माइकवर बोलत. नवरानवरी हार हातात घेऊन उभे, भटजी अंतरपाट खांद्यावर टाकून उभे, आणि एकेक जण शुभाशीर्वाद देणार. सगळ्यात मोठा पुढारी येईपर्यंत अक्षता टाकायच्या नाहीत. या पुढाऱ्यांची नावं पत्रिकेतच छापलेली असत. त्यामुळे साप्ताहिकाचे मालक लग्नाची बातमी लग्नाआधीच जुळवून ठेवायला सांगत. अंक गुरुवारी निघे, लग्न बुधवारचं. मंगळवारी कंपोझिटरनं टाइपाचे खिळे लावले: 'विवाह सोहळा थाटात संपन्न', त्याखाली नावं. नवरीचं नाव बातमीत नव्हतं. ते कधीच नसे.

त्या दिवशी सकाळपासून बहिणीनं काही खाल्लं नव्हतं. अक्षता पडेपर्यंत नवरीनं उपाशी राहायचं, अशी पद्धत. अंगावर शालू, डोक्यावर कापडी मांडव, त्यातून झिरपणारं ऊन. एक वक्ता ठिबक सिंचनावर बोलला, एक येत्या निवडणुकीवर. मागच्या बाजूला पहिल्या पंगती उठत होत्या. वांग्याच्या रश्शाचा आणि तापलेल्या तेलाचा वास स्टेजपर्यंत येत होता. सत्कारासाठी आणलेल्या पेढ्यांवर माश्या बसल्या होत्या. निवेदक एका हातानं त्या हाकलत होता, दुसऱ्या हातात माइक. मी नवरा-नवरीपासून हातभर अंतरावर, करवल्यांच्या रांगेत उभी होते.

ती आधी एका बाजूला झुकली, मग खाली गेली.

"फिट आली! फिट आली पोरीला!"

"कांदा आणा कांदा!"

"आचाऱ्याकडं बग की रं!"

"कांदा कशाला हुडकत बसता, चप्पल लावा नाकाला!"

आबांनी पायातली चप्पल काढली. त्याच चपलेनं ते मघापासून पंगतींमधून, सांडलेल्या रश्शातून आणि उष्ट्या पत्रावळींवरून फिरले होते. एका बाईनं बहिणीचं डोकं धरलं आणि आबांनी चपलेचा तळ तिच्या नाकातोंडावर दाबला. तळाला बुंदीचा दाणा चिकटलेला होता. तो तिच्या ओठाला लागला.

सत्कारासाठी बोलावलेले एक डॉक्टर स्टेजवरच बसले होते. ते उठून म्हणाले, "आबा, चप्पल काढा तोंडावरची. उन्हानं चक्कर आलीय. पाणी द्या."

"तुमी बसा, डॉक्टर. आमी लई फिटा बगितल्यात."

तेवढ्यात सगळ्यात मोठ्या पुढाऱ्यांची गाडी मांडवाच्या तोंडाशी आली. निवेदकानं माइक तोंडाजवळ घेतला. "कुणीही गर्दी करू नये. आदरणीय साहेबांचं आगमन होत आहे. सर्वांनी जागेवर उभं राहून टाळ्यांच्या गजरात स्वागत करावं." टाळ्या झाल्या. बहीण खाली पडलेलीच होती.

तिला शुद्ध आली तेव्हा तिला घडीच्या खुर्चीत बसवून पाणी दिलं. तिच्यासमोरच बैठक सुरू झाली.

"फिटाची पोरगी आमच्या गळ्यात मारली," आबा म्हणाले.

तिचे वडील, माझे काका, हात जोडून उभे होते. "आबा, आजपर्यंत असं कधी झालं नाही. पोटात अन्न नाही, इतका वेळ उभी आहे…"

"मंग काय भाषणानं फिट आली म्हणता? सायबांच्या म्होरं बोलून दावा की."

ज्यांनी भाषणं केली होती ते सगळे तिथेच होते. डॉक्टर आपल्या मांडीवरच्या नारळाकडे पाहत होते.

मग काका नवऱ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही एका वर्गात होता. कॉलेजात कधी हिला असं झालेलं पाहिलंत?"

तो हातातल्या हाराकडे पाहत राहिला. हारातलं एक फूल सुटलं होतं, ते तो परत दोऱ्यात ओवत होता.

"बोल की रं," कोणीतरी म्हणालं.

"आबा म्हणतील तसं," तो म्हणाला.

हे मी माझ्या कानानं ऐकलं. बहिणीनंही ऐकलं. ती त्याच्याकडे पाहत होती.

निवाडा साहेबांनी केला. ते खुर्चीवर टेकलेही नव्हते. "असू द्या आबा. नंतर पुण्याला दाखवा, डोक्याचा फोटो काढा. आता अक्षता टाका, मला पुढं इंदापुरात लग्न हाय." आबा म्हणाले, फोटोत काय निघालं तर पोरगी माघारी. काकांनी मान हलवली. सगळं मिटलं असं सगळ्यांना वाटलं. भटजींनी अंतरपाट उलगडला.

"ताई, मला तोंड धुवायचंय," बहीण म्हणाली.

मी तिला मांडवामागे नेलं. तिथे पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या नळाखाली आचाऱ्याची माणसं पातेली घासत होती आणि भोवती रश्शाचा पिवळा चिखल झाला होता. ती शालूसकट त्या चिखलात उभी राहिली. तिनं तोंड धुतलं. मग परत धुतलं. मग भांड्यांची पावडर घेऊन धुतलं. कुंकू गालावर उतरलं, मुंडावळ्या भिजून मानेला चिकटल्या.

"बास आता. साल निघेल," मी म्हणाले.

"वास जात न्हाय."

माइकवरून आवाज आला: वधूला मामांनी स्टेजवर घेऊन यावं. थोड्या वेळानं पुन्हा आला. मामा आले नाहीत, काका आले.

"चल बाळ. सगळं मिटलंय."

"कुणी मिटवलं?"

"साहेबांनी."

"मग साहेबांनाच उभं करा बोहल्यावर."

"असं बोलतात का? लोक बसलेत."

"जेवू द्या की लोकांना," ती म्हणाली आणि टँकरच्या चाकाला टेकून खाली चिखलात बसली.

नवऱ्याकडच्या दोन बायका आल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. "लई माजलीया. नोकरदाराची लेक ना." दुसरी म्हणाली, "बगा बया, डोक्यात गेलंय म्हनून आबा म्हणत हुते ते खोटं न्हाय." बहिणीनं त्यांच्यासमोर आणखी एकदा तोंड धुतलं. नवरा टँकरपर्यंत आला नाही.

साहेब इंदापूरच्या लग्नाला निघून गेले. पंगती संध्याकाळपर्यंत चालल्या. नवरीकडची माणसं, ज्या टेंपोतून आली होती त्याच टेंपोतून, न जेवता परत गेली.

गुरुवारी अंक निघाला. विवाह सोहळा थाटात संपन्न. मी मालकांना सांगितलं की लग्न झालंच नाही. त्यांनी चष्मा वर केला.

"पुढारी आले होते ना?"

"आले होते."

"नावं सगळी बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग कुणाची तक्रार येणार?"

कोणाचीच आली नाही. खुलासा छापला गेला नाही.

प्रकाशकाला मी फोनवर शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलले. घडलं तसं सांगितलं, माणसं कोण ते न सांगता. तो म्हणाला, "चप्पल अजिबात नको. ती कोसळते, तो धावतो, सगळ्यांदेखत तिला उचलून घेतो. असं करा, हा शेवट डोक्यावर घेतील." मी ते प्रकरण एका सकाळी लिहिलं. मला कुठलंच प्रकरण इतकं सोपं गेलं नव्हतं. नायक मांडवात सर्वांसमोर तिला दोन्ही हातांवर उचलतो, वडीलधाऱ्यांना बाजूला व्हा म्हणतो, तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावतो. लिहून झाल्यावर मी हात साबणानं धुतले. दार-खिडकी बंद होती, तरी खोलीत मळीचा वास होता.

नेहमीप्रमाणे हस्तलिखित घेऊन मी इंदापूरला गेले. बहिणीनं ते शांतपणे वाचलं. पानं जुळवून टाचणी लावली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ताई, हा कोण?"

मी पानं पिशवीत घातली. प्रकरण आहे तसं पुण्याला पाठवलं. ते तसंच छापलं गेलं. त्या कादंबरीला बारामतीच्या वाचनालयात नंबर लावावा लागत असे.

जुलैमध्ये तो, काटेवाडीचा नवरा, इंदापूरला मावशीच्या घरी आला. मी तिथे नव्हते. मावशीनं आणि बहिणीनं मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि दोघींचं सांगणं जुळतं. त्याला जावयासारखं पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं. चहा दिला.

"आबांना विचारून आलास का?" बहिणीनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "त्यांनीच धाडलं. म्हणले, पुण्याचा रिपोर्ट चांगला आला तर अजून बगू."

"तुला काय वाटतं?"

"रिपोर्ट चांगलाच येईल की."

तिनं त्याच्या हातातली कपबशी घेतली. कपात निम्मा चहा होता. ती आत गेली आणि बाहेर आली नाही. मावशीनं त्याला बारामतीच्या गाडीची वेळ सांगितली. तो त्या गाडीनं गेला. दिवाळीनंतर लोणी भापकरच्या एका मुलीशी त्याचं लग्न झालं.