मोहाच्या दिवसांतली शिलाई

मोहाची फुलं गळायला लागली की आमच्या गावातल्या बाया पहाटेच जंगलात जातात. त्या दिवसांची कमाई पुढं बरेच महिने पुरते, म्हणून ते दिवस कुणी सोडत नाही. मी तेव्हा चिमूरला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाईला होते. फुलं वेचून पोचायला मला उशीर व्हायला लागला. एका सकाळी मालक दारातच उभा होता. "मोह वेचाचा असन तं मोहच वेच," म्हणाला. माझ्या मशीनवर दुसरी बाई बसलेली दिसत होती.

बस स्टँडमागे एका बाईंचा छोटा शिलाईचा कारखाना होता. मी तिथं गेले आणि आधीच सांगून टाकलं, "बाई, मोह सरेपर्यंत मले सकाळी येणं जमत नाई."

त्या कापड बेतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग दुपारी येजो. पण अंधारात घरी कशी जाशीन? तुमच्या रस्त्यानं वाघ हाय ना?"

घरी कशी जाशील, हे आजवर कुठल्या मालकानं विचारलंच नव्हतं.

मोह सरेपर्यंत बाईंनी सगळ्यांचीच वेळ दुपारची केली आणि घरी सोडायला एक टेम्पो लावला. त्यांचा भाऊ हिशेब बघायचा, तो वैतागला. "बायांचे लाड करून राह्यली तू. डिझेल का फुकट येते?"

"नवी बाई बसवली का तिची कॉलर महिनाभर वाकडी जाते," बाई म्हणाल्या. "तो खराब झालेला कपडा कोण भरन?"

बाई काही मऊ नव्हत्या. शिवण चुकली की सगळ्यांसमोर उसवायला लावायच्या. मी दोनदा रडले आहे तिथं.

एका संध्याकाळी गावाच्या अलीकडे टेम्पो अचानक थांबला. रस्त्यावर वाघ बसला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आम्ही एकमेकींचे हात धरून बसलो. बऱ्याच वेळानं तो उठला आणि सावकाश झाडीत शिरला. टेम्पो नसता तर त्या रस्त्यानं आम्ही पायीच आलो असतो.

शाळा उघडायच्या तोंडावर बाईंना गणवेशांची मोठी ऑर्डर मिळाली. जुन्या मालकाकडेही काम आलं होतं, पण माझ्यासारख्या बाया काढून टाकल्यानं त्याच्याकडे शिवणारे हात उरले नव्हते. तो आमच्या गावात आला, माझ्या अंगणात खाटेवर बसला.

"वापस ये बाई. तिच्यापेक्षा जास्त देतो."

खोटं कशाला सांगू, मन हललं. घरावर पत्रे घालायचे होते. पण माझी जाऊ घरातून म्हणाली, "मागं पोरगं तापानं फणफणलं, तवा बाईनं सुट्टी देली. यानं देली असती का तुले?" बाईंकडे ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची.

मी नाही म्हटलं.

"काऊन? ते बाई काय देऊन राह्यली तुमाले?"

"संध्याकाळी घरी सोडते," मी म्हणाले. त्याला ती थट्टा वाटली. हसत हसतच तो गाडीवर बसला.

बाईंनी ऑर्डरसाठी भाड्यानं मशिनी आणल्या. बाया शोधायला त्यांना कुठं जावं लागलं नाही. आम्हीच आपापल्या गावातून बहिणी, नणंदा, शेजारणी घेऊन आलो, आणि कॉलर कशी बसवायची तेही आम्हीच त्यांना शिकवलं. माल वेळेआधी गेला.

पुढच्याच आठवड्यात जुना मालक बाईंच्या दारात आला. त्याचं काम अर्धं पडून होतं, ते शिवून द्याल का म्हणून विचारत होता. आम्ही सगळ्या माना खाली घालून ऐकत होतो. बाई आता त्याला चांगलं सुनावतील असं वाटलं. त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला आणि विचारलं, "कपडा कवा पाठवता, भाऊ?"

त्याच्याकडच्या त्या ऑर्डरीच्या निम्म्या कॉलरी मी शिवल्या. पुढल्या वर्षी मोहाच्या दिवसांत त्यानंही आपल्याकडच्या बायांची वेळ दुपारची केली, असं कानावर आलं. ऐकून बरं वाटलं.